पौषातलं इंजिन

आज सकाळी मैदागिनच्या गाडीतळावर कुणाची तरी गाडी मिसिंग करत उभी होती. कोहरा इतका दाट होता की गाडी दिसतच नव्हती, नुसता आवाज येत होता. तीन ठोके नीट, चौथा गिळलेला, मग एक धापेसारखा झटका, पुन्हा तीन ठोके. मी बँकेत निघाले होते, हातात डबा, उशीर तर झालाच होता. तरी पाय थांबले. चार वर्षं झाली, पण पौषात हा आवाज कानावर पडला की माझ्या छातीत अजून धस्स होतं. गाडीचा मालक काचा लावून आत शांत बसला असेल. मी मात्र आजूबाजूच्या माणसांचे चेहरे बघत राहिले, हे सगळ्यांना ऐकू येतंय ना, म्हणून.

आमच्या घरात धुक्याला कुणी धुकं म्हणत नाही. सात पिढ्या बनारसच्या दूधविनायकाच्या गल्लीत गेल्यावर मराठीत जे शिरायचं ते शिरतंच. पुण्याहून माझी मामेबहीण आली की हसते. "कोहरा काय, ठंड काय, आणि 'गाडी स्टार्ट होऊन नाही राहिली' काय! वसू, तुझी मराठी गंगेत बुडवून काढल्यासारखी आहे गं." मी तिला म्हणते, तू इथे एक पौष काढून बघ. आठ-आठ दिवस सूर्य नाही. वाळत घातलेली धोतरं तिसऱ्या दिवशीही तशीच ओलीगार. पंचगंगा घाटावर उभं राहिलं तर समोरची नदी गायब, कुठूनतरी वल्ह्याचा आवाज येतो आणि नाव पायऱ्यांना टेकल्यावरच दिसते. माकडं मंगला गौरीच्या देवळाच्या भिंतीवर एकमेकांच्या कुशीत शिरून बसलेली असतात, चोरी करायचंही विसरतात. सकाळी सकाळी मलइयोवाला पितळी परात घेऊन बसतो. तो दुधाचा केशरी फेस मातीच्या कुल्हडातून जिभेवर ठेवावा तर खाल्लं असं वाटायच्या आतच संपलेला. मला हा महिना आवडायचा. आवडायचा, असं मुद्दाम लिहिते आहे.

माझे वडील, आमचे अण्णा, रामघाटावरच्या वेदपाठशाळेत चाळीस वर्षं शुक्ल यजुर्वेद शिकवत होते. शिकवणारे पुष्कळ असतात, अण्णांचं नाव होतं ते कानासाठी. पाच-पाच विद्यार्थी एका सुरात म्हणत असले तरी चुकणारा नेमका कोण, ते भिंतीकडे तोंड करून सांगायचे. परीक्षेला बसले की डोळे मिटून घेत. समोरचा घडाघडा म्हणत जायचा, आणि मध्येच अण्णांचा उजवा हात वर. झालं. हात वर गेला म्हणजे चुकलं, त्यावर वाद नाही. दर माघात प्रयागच्या एका पाठशाळेत शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायला त्यांना बोलावणं यायचं. बारा-बारा वर्षं घर सोडून पाठ केलेल्या मुलांचं पुढचं आयुष्य त्या एका दिवसावर ठरायचं आणि ते ठरायचं अण्णांच्या कानावर. पंच्याहत्तरी ओलांडली, गुडघे गेले, दात गेले, पण प्रयागची परीक्षा त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांना दुसरा कसला मान नको होता, हा एक हवा होता.

कोहऱ्यात रेल्वेचं काही खरं नसतं. सकाळची गाडी संध्याकाळी आली तरी स्टेशनवर लोक आली एकदाची म्हणून हात जोडतात. म्हणून प्रयागला जायचं ते आमच्या जुन्या पांढऱ्या मोटारीने, मी चालवायची. गाडी पंधरा वर्षांची, पण तिच्या सीटची उंची आणि अण्णांचे गुडघे यांचं काहीतरी जमलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीतून त्यांना उतरवायला दोन माणसं लागत.

आणि त्या गाडीचं इंजिन मी जाळलं. होय, मीच. कार्तिक संपता संपता मिर्झापूरहून येताना पाण्याचा पाइप फुटला, काट्याने लाल रेघ ओलांडली, आणि मी म्हटलं, आलंच की बनारस. बँकेत दुसऱ्यांच्या कागदांत टाचणीएवढी चूक सापडली तरी मी माणसाला परत पाठवते आणि समोर लाल दिवा पेटलेला असताना सात किलोमीटर गाडी हाणली. शेवटी पुलावर इंजिन जे जाम झालं ते पुन्हा फिरलंच नाही. अण्णा बाजूला बसले होते. बोनेटखालून खडखडाट चालला होता, लोहाराच्या दुकानात असावा तसा, आणि अण्णा शांतपणे नदी बघत होते. तेव्हा मला त्यांच्या धीराचं कौतुक वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

लहरताऱ्याला शमीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. शमीमभाई माझ्याच वयाचे, तोंडात पान, बोलणं गोड. त्यांनी बोनेट उघडलं आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. "दीदी, ये तो गया. इंजन बदल डालिए, बॉडी तो आपकी हीरा है." कबाड्याकडून त्यांनी एक इंजिन आणलं. त्याच कंपनीच्या गाडीचं, पण चार-पाच वर्षं नंतरचं मॉडेल. बसेल का? "बैठ तो जाएगा," शमीमभाई म्हणाले. नुसतं बसणं म्हणजे चालणं नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

आता अडचण आली ती आमच्या बाजूने. पौष लागला होता, म्हणजे खरमास. बनारसात या महिन्यात कुणी नवं काम करत नाही. लग्न नाही, मुंज नाही, गृहप्रवेश नाही, मग इंजिन कसं बसवायचं? मी वैतागले. म्हटलं, "अण्णा, संक्रांतीपर्यंत थांबलो तर माघ उजाडेल, प्रयागला काय पाठीवर बसवून नेऊ?" अण्णांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, थोडा विचार केला आणि गंभीरपणे निकाल दिला. "इंजिन नवं कुठे आहे? जुनंच आहे. जुन्याला खरमास नाही." शमीमभाई इतके हसले की पान सांडलं. तरी मनात खोट नको म्हणून बसवल्यावर अण्णांनी इंजिनाला कुंकू लावलं, आणि एका रबरी नळीला मौली बांधली, म्हणजे पूजेचा लाल-पिवळा दोरा. सात वेढे आणि वर त्यांची ती प्रसिद्ध गाठ. अण्णांची गाठ सुटत नाही, कापावी लागते. शमीमभाईंनी 'बिस्मिल्लाह' म्हणून किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी टाळी वाजवायला हात वर नेले आणि ते तिथेच राहिले. गाडीला हुडहुडी भरली होती. आरसा लटलटत होता, काच खणखणत होती, पुढे ठेवलेला माझा चष्मा सरकत सरकत खाली पडला. जोरात दामटलं की ठीक, पण पाय काढला आणि गाडी स्लोवर आली की तापकऱ्या माणसासारखी थडथडायची आणि दोन मिनिटांत बंद. "मिसिंग कर रही है," शमीमभाई हळूच म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवतात ते वासांनी. पेट्रोल, ओला कोळसा, गॅरेजच्या दाराशी जळणारे टायरचे तुकडे, आणि अण्णांच्या शालीचा कापूर. मी बँकेतून अर्धा तास आधी निघून त्यांना रिक्षाने लहरताऱ्याला नेत असे, कारण ते घरी थांबायला तयार नसत. रोज एक नवं कारण सापडायचं आणि रोज गाडी तशीच थरथरायची. नव्या इंजिनाची वायर आमच्या गाडीच्या कपलरला लागेना, पिनाच वेगळ्या. इंजिन धाकट्या गाडीचं आणि त्याला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर आमच्या थोरल्या गाडीचा. शमीमभाई म्हणायचे, "दिल नया है दीदी, दिमाग पुराना. दोनों की बनती नहीं." मग त्यांनी त्या इंजिनाच्या जोडीचा कॉम्प्युटर शोधून आणला, एकेक वायर सोलून जोडली. गाडी थोडी सुधारली. थोडीच.

एका संध्याकाळी त्यांनी प्लगवरच्या कॉइल एकेक करून काढून बघायचं ठरवलं. ज्याची काढली आणि थरथर वाढली, तो प्लग चांगला. ज्याची काढून काहीच फरक पडला नाही, तो मेलेला. शेजारी कुणाचा तरी ग्राइंडर किंचाळत होता, त्या गोंगाटात शमीमभाईंना फरक कळेना. अण्णा पुढे झाले. मडगार्डवर तळवा ठेवून उभे राहिले. पहिली काढली, दुसरी काढली. तिसरी काढल्यावर म्हणाले, "आता काही बदललं नाही." शमीमभाईंनी तिसरा प्लग बाहेर काढला, तर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला केसाएवढा तडा! सगळं गॅरेज थक्क. "गुरुजी, ई कान हौ कि मसीन?" एक म्हातारा मिस्त्री पाया पडला. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या गाड्यांचे लोकही आपापली दुखणी घेऊन अण्णांपुढे यायला लागले. अण्णा तळवा ठेवायचे आणि सांगायचे. मला अभिमान वाटला हे खरं, आणि थोडा रागही आला, कारण घरी मी तीन हाका मारल्याशिवाय हाच माणूस ओ देत नव्हता.

घरी काय काय दिसत होतं! फोनचा पडदा उजळला की ते तो माझ्याकडे सरकवायचे, 'तूच बोल' म्हणून. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळ करपली आणि ते दोन हातांवर पंचांग वाचत बसलेले. मी आरडाओरडा केला. तोही त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत शांतपणे ऐकून घेतला, म्हणजे मला वाटलं ऐकून घेतला. माझा आवाज मुळात मोठा, त्यात माझ्या मनात काय आहे ते तोंडाआधी चेहऱ्यावर येतं. माझ्यासारखी मुलगी घरात असली की माणसाला कानाची गरज कशाला पडेल? पाठशाळेतही एक फरक झाला होता. पाठ घेताना अण्णा डोळे मिटेनासे झाले होते. सगळे म्हणत, गुरुजी म्हातारपणी मायाळू झाले, पोरांकडे टक लावून बघतात. मीही तेच म्हणत होते. रोज एका ताटात जेवणाऱ्या माणसाबद्दल आपण किती खात्रीने बोलत असतो.

आता कारण सापडत नव्हतं ते एकाच गोष्टीचं. स्लोवर इंजिनाचा वेग आपोआप वरखाली व्हायचा, कुणी पायाने खेळतंय असा. शमीमभाईंना शंका होती की ते कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. त्यांनी साबणाचं पाणी मारून सगळे जोड तपासले. सगळे, एक सोडून. संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णा असेच वाकून इंजिनाशी चाचपत होते. त्यांचं बोट मौलीपाशी थांबलं. पुन्हा फिरलं, पुन्हा तिथेच थांबलं. "इथे ओढतंय," ते म्हणाले.

शमीमभाईंचा चेहरा पांढरा पडला. "गुरुजी, वहाँ तो हमने हाथ ही नहीं लगाया."

"का?" मी विचारलं.

"गुरुजी का बाँधा हुआ है दीदी. हम कैसे काटते?"

अण्णांनी ब्लेड मागितलं आणि स्वतः दोरा कापला. खाली रबर चिरलेलं होतं. जुनी, कडक झालेली नळी, त्यावर ती घट्ट गाठ. इंजिन तापलं, हललं, आणि दोऱ्याने नळी हळूहळू कापत नेली. चीर दोऱ्याखालीच झाकलेली, म्हणून सूं आवाजही दबलेला. मी अवाक् होऊन त्या दोऱ्याकडे बघत राहिले. तीन आठवडे आम्ही दुसऱ्यांच्या वायरी सोलत होतो, प्लग फेकत होतो, कबाड्याला शिव्या घालत होतो. पहिल्या दिवसापासून जी एक वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, तिला पूज्य म्हणून कुणी बोट लावलं नव्हतं. अण्णा मात्र हसले. त्या पौषात ते पहिल्यांदा मोकळं हसले.

संक्रांत झाली, खरमास सरला. शमीमभाईंनी नवी नळी घातली. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं, त्यांना ते फाउंडेशन म्हणतात, तीही नवी बसवली. जुन्या फाउंडेशनवर हे इंजिन तिरकं टेकायचं आणि लोखंडाला लोखंड लागून सगळी गाडी थरथरायची. चार दिवसांनी प्रयागची परीक्षा होती. आम्ही गाडी आणायला गेलो. ग्राइंडर बंद होता, जेवणाची सुटी होती, आणि कोहऱ्याने रस्त्याचा आवाजही आत येत नव्हता. शमीमभाईंनी किल्ली फिरवली.

इतकं सुरेख चाललं इंजिन! एकसारखं, गुणगुणल्यासारखं. थरथर नाही, झटका नाही. मडगार्डवर पाण्याचा ग्लास ठेवला असता तर पाणी हललं नसतं. मला रडूच यायला लागलं. अण्णा नेहमीच्या जागी, मडगार्डवर तळवा ठेवून उभे होते. त्यांचा चष्मा दमट हवेने पांढरा झाला होता. ते थोडे पुढे वाकले, आणि त्यांच्या शालीचं टोक खांद्यावरून सुटून फिरत्या पट्ट्याकडे लोंबायला लागलं.

मी ओरडले, "अण्णा!" शमीमभाई ओरडले, "गुरुजी, पीछे!" तो म्हातारा मिस्त्रीही हातातली भाकरी टाकून ओरडला. तिघंजण घशाच्या शिरा ताणून ओरडलो आणि अण्णांची मानसुद्धा हलली नाही. शाल पट्ट्यात गेली. मी त्यांना कवेत धरून मागे ओढलं, शमीमभाईंनी किल्ली बंद केली, शाल फाटल्याचा आवाज झाला आणि सगळं थांबलं. अण्णा माझ्या हातात. ते मात्र चिडून माझ्याकडे वळले.

"ओढतेस काय? आणि हे कशाची वाट बघतायत? चालू करा की आता."

शमीमभाईंनी तोंड फिरवलं. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांनी माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं. मी एक शब्द बोलले नव्हते. हळूहळू त्यांचा चिडका भाव गेला आणि त्या जागी चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा आला. वडिलांचा तो चेहरा मी कधी बघितला नव्हता, आणि पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

पट्ट्यात शाल अडकली होती, म्हणून गाडी तिथेच ठेवली. रिक्षात बसल्यावर त्यांनीच सांगितलं, समोर बघत, सावकाश. दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले, मग शब्द, मग सूर. "आपल्या शाखेत स्वर हातावर असतो, वसू. चढला की हात वर, उतरला की खाली, मधला बाजूला. मी हात बघतो. ओठ बघतो. चालतं." प्लगचंही तेच. गॅरेज त्यांच्या कानाची तारीफ करत होतं आणि ते तळव्याने थरथर मोजत होते. थरथर गेली, तशी त्यांची गाडी बंद पडली. मी त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवून म्हटलं, "प्रयागला जायचं नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळवते."

"आणि गेल्या दोन वर्षी मी ज्यांना उत्तीर्ण म्हटलं, त्यांचं काय?" अण्णा म्हणाले.

मला धक्का बसला होता तो कान गेल्याचा. त्यांनी ते लपवलं आणि त्या आसनावर दोनदा जाऊन बसले, हा दुसरा धक्का घरी पोचेपर्यंत माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. रात्रभर मी त्यांच्यावर रागावले होते. खोटं कशाला सांगू? कानाच्या डॉक्टरांनी नंतर यंत्र दिलं, ते आजही कपाटात आहे. त्यातून शब्द येतात, सूर येत नाही, म्हणून ते लावत नाहीत.

अण्णांनी हट्ट सोडला नाही, प्रयागला आम्ही गेलो. समोर दहा हात रस्ता दिसत नव्हता, मी पिवळे दिवे लावून बैलगाडीच्या चालीने नेत होते. गाडी एकदाही अडखळली नाही.

पाठशाळेचं सभागृह भरलेलं होतं. विद्यार्थी, गुरुजी, मागच्या दोन वर्षी उत्तीर्ण होऊन आता तिथेच शिकवणारे तरुण. दुसरे परीक्षक नागपूरहून यायचे, त्यांची रेल्वे कोहऱ्यात कुठेतरी अडकली होती. अण्णांना आसनावर बसायची विनंती झाली. ते बसले नाहीत. उभ्यानेच हात जोडून म्हणाले, "मला दोन वर्षं ऐकू येत नाही. मी हात बघून परीक्षा घेतली. ज्यांना मी उत्तीर्ण म्हटलं, त्यांनी कान असलेल्या माणसासमोर पुन्हा म्हणावं. चूक माझी आहे."

प्रमुख गुरुजी उठून अर्धवट उभे राहिले. पुढच्या ओळीतून केशव उठला. रामघाटावर अण्णांच्या हाताखाली वाढलेला, गेल्या वर्षी इथे अण्णांनीच उत्तीर्ण केलेला, आता पंचविशीचा, लग्न ठरलेला. तो येऊन अण्णांसमोर मांडी घालून बसला. "मी म्हणतो गुरुजी, आत्ताच. पण ऐकणार कोण?" त्याने हे ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे बोट दाखवलं. "ही ऐकेल."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी या वेदातली एक ओळही शिकलेले नाही. आमच्या घरात मुलींना शिकवत नसत, विचारायचीही पद्धत नव्हती. भाकरी थापता थापता भिंतीपलीकडे अण्णा मुलांचा पाठ घेत, त्यातलं जे कानावर पडायचं, तेवढंच, चाळीस वर्षं रोज. "हिच्या चेहऱ्यावर मला माझी स्वतःचीही चूक दिसायची," अण्णा सभागृहाला म्हणाले, "शिकवताना ही दारातून गेली आणि कपाळाला आठी पडली, की मी मागची ओळ पुन्हा घ्यायचो." हे मला आजवर माहीत नव्हतं. एक वृद्ध गुरुजी थरथरत उठले, "असं कसं चालेल, बाईमाणसाने..." पण अण्णांची पाठ त्यांच्याकडे होती. त्यांना ऐकू आलं नाही.

केशवने सुरू केलं. अण्णा त्याच्या हाताकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटून घेतले. पहिला अध्याय सरला, दुसराही अर्ध्यावर आला. मग एका जागी त्याचा सूर खाली उतरायचा तो उतरला नाही, सरळच पुढे गेला. माझे डोळे आपोआप उघडले. केशवचा हात बरोबर खाली होता. हात चुकला नव्हता, आवाज चुकला होता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. गोड पोरगा, पुढच्या महिन्यात लग्न. मान डोलावणं किती सोपं होतं.

मी मान डोलावली नाही. अण्णांचा उजवा हात वर गेला.

केशव थांबला. त्याने अण्णांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "कुठे, ताई? म्हणून दाखवा."

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. ती ओळ मी आयुष्यात कधी म्हटली नव्हती, मनातल्या मनातसुद्धा नाही. मी म्हटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जिथे उतरायचं तिथे उतरून. माझाच आवाज मला परका वाटला.

अण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. ओळ संपल्यावर ते केशवकडे वाकले आणि त्यांनी विचारलं, "बरोबर म्हटलं का हिनं?"